अर्धी ओळ मागे

घंटेचा दोर माझ्याकडे आहे.
आईकडून आला, जशी तिची कात्री आली
आणि गुडघ्यांचं दुखणं.

फेरो बेटांच्या उत्तरेला, रस्ता संपून
नुसता वारा पुढे जातो तिथे
स्कोरादालुर. चौदा घरं, धूर सहांतून.
चर्च डांबराने काळं, छपरावर गवत;
उन्हाळ्यात एखादी मेंढी वर चढून चरते
आणि आमच्या आधीच आमेन म्हणते.

पाळक महिन्यातून एकदा, समुद्राच्या मर्जीने.
एरवी ओसुर छापील प्रवचन वाचतो,
ओळीखाली बोट धरून, मासे मोजावेत तसं.
एक शब्द गाळत नाही, एक समजावत नाही.
आम्ही नऊ. सुन्वाचं बाळ धरलं तर साडेनऊ.

हानुसला घंटा ऐकू येत नाही.
म्हणून ठोके झाले की मी पायरीवर येऊन
त्याच्या खिडकीकडे लाल रुमाल हलवते.
तो टोपी हलवतो. येतो.
गातो सगळ्यांपेक्षा मोठ्याने
आणि सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे.
कडवं संपलं की आम्ही थांबतो,
धक्क्यावर थांबावं तसं,
शेवटची होडी लागेपर्यंत.
मग पुढचं कडवं.

ज्या फेब्रुवारीत बार्दुर परतला नाही
(ट्रॉलर परतला, बाकीचे परतले,
त्याचे बूट परतले प्लास्टिकच्या पिशवीत)
मी दोर सोडला.
घरी रेडिओ होता. राजधानीतली उपासना,
सुरेल, स्वच्छ. कोणी खोकत नाही,
ओल्या लोकरीचा वास नाही,
कोणी माझ्या तोंडाकडे पाहत नाही.
देव तिथेही असणार, मी नाही म्हणत नाही.
पण बटण फिरवलं की गप्प होणारा देव
त्या दिवसांत मला सोयीचा होता.

दोन रविवार गेले.
मार्युनने उंबऱ्यावर ठेवलेलं मटण
फडक्यातच गोठलं.

तिसऱ्या रविवारी घंटा वाजली.
वाजली, आणि वाजतच राहिली.
ठोके नऊ असतात. मी तीस मोजले, साठ मोजले,
कुत्री भुंकायला लागली, समुद्रपक्षी कड्यावरून उडाले.
मग उमगलं: दोर हानुसच्या हातात आहे,
आणि पुरे झालं हे त्याला सांगणार कोण?

एप्रनवरच निघाले. थांबवायला.
खरं सांगते, फक्त थांबवायला.
त्याच्या मनगटावर हात ठेवला.
तो वळला, घामाने चिंब,
आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला,
"मला वाटलं, तूही बहिरी झालीस."

मी कडेला बसले. कोणी काही विचारलं नाही.
मार्युन तेवढी सरकली, बाकाची ऊबदार जागा
मला देऊन स्वतः गारठ्यात.
प्रार्थना सुरू झाली. भाकरीपर्यंत मी आले.
पुढे क्षमेचं होतं. तिथे गळा बंद झाला.
समुद्राला कशी करू?

ते म्हणत राहिले.
माझ्या वाटचं आठ जणांनी म्हटलं,
हळू, घाई न करता,
एखादी अंथरुणाला खिळली की
शेजारी तिच्या गाईची धार काढतात
आणि दूध तिच्याच दारात ठेवून जातात, तसं.

हानुस आता उतारावरच्या दगडी कुंपणात, टोपीसकट.
सुन्वा बाळाला घेऊन तोर्शाव्नला गेली.
आम्ही सात.
यंदा नवा पाळक आला, तरुण, डेन्मार्कात शिकलेला.
कॉफी पिताना त्याने विचारलं,
कडव्याच्या शेवटी तुम्ही गप्प का होता?
ओसुर म्हणाला, सवय.
मार्युन म्हणाली, वारा असतो.
मी कपबशा आवरत होते.

पुढच्या खेपेला कडवं संपलं
आणि तोही थांबला, पुस्तकावर बोट ठेवून,
दाराकडे पाहत,
मोजलं तर अर्ध्या ओळीइतकं.

मग पुढचं कडवं.